धाबे, स्लॅब आणि सासूबाईंची खोली

वैशाख सरत आला की पिंपळनेरच्या दुपारी गाव निपचित पडते. बाजारपेठेतील दुकानांवर कापडी आडोसे ओढले जातात, पांझरेच्या पात्रातील दगड तापून पांढरे दिसू लागतात आणि घरोघरीची वृद्ध माणसे घरातला सर्वांत गार कोपरा शोधून तेथे आपले अंथरूण टाकतात. तो कोपरा कोणता, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. तरुण मंडळी मात्र घर बांधताना तो कोपरा कोठे असेल, याचा विचार करतातच असे नाही.

या सदरातून आपण आजवर औषधे, पथ्य, झोप आणि व्यायाम यांविषयी पुष्कळ बोललो. ज्या छपराखाली ही औषधे घेतली जातात, त्याविषयी फारसे बोललो नाही. आज ते बोलायचे आहे, आणि त्याला कारण आमच्याच घरी घडलेला एक प्रसंग आहे.

आमचे घर दोन काळांत बांधलेले आहे. पुढचा भाग जुना, धाब्याचा. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यापाल्याचा थर आणि त्यावर हातभर माती. खानदेशात अशी घरे अजून गावोगाव उभी आहेत. मागचा भाग नवा, स्लॅबचा. त्यावर माडी, माडीवर मोठी खोली आणि खोलीला लागूनच स्नानगृह. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात धाबे गळू लागले, तेव्हा आम्ही शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंना माडीवर हलविले. स्नानगृह जवळ होते, फरशी स्वच्छ होती. खरे सांगायचे तर मलाही ते सोयीचे वाटले. त्या एवढेच म्हणाल्या, “माले खालेच बरं वाटस.” आम्ही ते म्हातारपणाचा हट्ट समजून सोडून दिले.

गतवर्षी वैशाखातल्या एका संध्याकाळी मी त्यांना चहा देण्यासाठी वर गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या, पण मला त्यांनी त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. जीभ कोरडी, नाडी जलद, बोलणे असंबद्ध. ऊन तर केव्हाच कलले होते, म्हणून उन्हाचा त्रास असेल हे मनातही आले नाही. मला पक्षाघाताची भीती वाटली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाले आहेत आणि उष्णतेने त्यांना ग्रासले आहे. शिरेतून द्रव दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. तेव्हा कोठे माझा जीव भांड्यात पडला.

हे का घडले, ते समजून घेणे प्रत्येक घराला उपयोगी आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. घामाच्या ग्रंथी पूर्वीइतक्या तत्परतेने काम करीत नाहीत. त्वचेकडे अधिक रक्त पाठवून शरीर थंड करण्याची हृदयाची क्षमताही उणावते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी वेगाने कमी होते. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, परंतु उन्हाळा सुरू होताच मात्रेविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. आणि वृद्ध माणूस उन्हाळ्यात अकस्मात भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर “वयच झाले आता” असे म्हणून थांबू नये. लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

दुसरे कारण छपराचे. पिंपळनेर सुमारे २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य आपल्या येथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे त्या दिवसांत घरावर पडणाऱ्या उन्हाचा सर्वांत मोठा वाटा भिंतींवर न पडता छपरावर पडतो. काँक्रीटचा स्लॅब ते ऊन दिवसभर शोषतो आणि काही तासांनी, म्हणजे सायंकाळी व रात्री, आतल्या माणसावर सोडतो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि माडीवरचा वृद्ध मात्र तव्याखाली झोपलेला असतो. रात्रीची ही उष्णता अधिक घातक, कारण दिवसाची झीज भरून काढण्याची वेळच तिने हिरावून घेतलेली असते. पंख्याचाही भरवसा धरू नये. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीरावर तापलेलीच हवा फेकतो. धाब्याच्या जाड मातीतून उष्णता फार सावकाश उतरते. ती खाली पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि मातीचा वरचा थर पुन्हा निवू लागलेला असतो.

प्रसंगानंतर घरात बैठक बसली. माझे यजमान आणि दीर यांचे मत असे की धाबे पाडून टाकावे, सर्वत्र स्लॅब घालावा आणि आईच्या खोलीला वातानुकूलन यंत्र बसवावे. वाचकहो, मीही त्यांच्याच बाजूची होते. जुन्या घराच्या गारव्याची स्तुती बहुधा तेच करतात, ज्यांना ते घर सारवावे लागत नाही. पस्तीस वर्षे ती जमीन मी सारवली. दरवर्षी ज्येष्ठात मजूर शोधून धाब्यावर माती टाकून घेणे, गळती लागली की खाली पातेली मांडणे, तुळयांतील वाळवी पाहणे, हे सारे माझ्याकडे होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या गुडघ्यांनीही निवृत्ती मागितली आहे. तेव्हा धाबे पाडण्याच्या प्रस्तावाला मी मनापासून होकार दिला.

आराखड्यासाठी पुतणीला बोलाविले. ती नाशिकला एका लहानशा वास्तुविशारद कार्यालयात काम करते. आली त्या रात्री ती जेवून जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी दहा वाजता उठली. एका प्रकल्पाची चित्रे सादर करायची होती म्हणून सलग चार रात्री कार्यालयातील सातही जण पहाटेपर्यंत जागले होते, असे तिने सांगितले. मान अवघडलेली, मनगटाला पट्टा, जेवण मिळेल तेव्हा. प्रकल्प कसला, म्हणून मी विचारले. “पर्यावरणपूरक निवासी संकुल,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिच्या तोंडून त्या व्यवसायाचे जे अंतरंग कळले, ते आपल्यासारख्या घर बांधणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. वास्तुविशारदाचे शुल्क पुष्कळदा बांधकामाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरते. म्हणजे जो वास्तुविशारद “हे पाडू नका, दुरुस्त करा” असा सल्ला देतो, तो स्वतःच्याच मिळकतीला कात्री लावतो. शिवाय दुरुस्तीला नव्या बांधकामाहून अधिक फेऱ्या लागतात, कारण जुन्या भिंतीत काय दडले आहे ते कागदावरून कळत नाही. म्हणून दुरुस्तीचा सल्ला हवा असेल तर टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम आधीच बोलून घ्यावी. १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुविशारदाची नोंदणी वास्तुकला परिषदेकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

तिच्या कार्यालयातील वरिष्ठांनी तिला एक अट घातली होती. दोन दिवस पेन्सिल उचलायची नाही. केवळ पाहायचे. घरात कोण कोठे बसते, कोण केव्हा उठते, कोण काय उचलते, ते लिहायचे. ग्राहकाकडून भरून घेण्याच्या त्यांच्या तक्त्यात वाहने किती, पाहुणे किती, देवघर कोणत्या दिशेला असे सारे प्रश्न असतात. आजी रात्री किती वेळा उठतात आणि त्यांच्याबरोबर कोण उठते, हा प्रश्न नसतो. तो आता घालायचा होता.

सासूबाईंना तोवर आम्ही पुन्हा खाली धाब्याच्या खोलीत आणले होते. पुतणी ओट्यावर वही घेऊन बसली. मला वाटले, ती आजीची दिनचर्या लिहिते आहे. दुसऱ्या रात्री तिने वही माझ्यापुढे ठेवली. त्यात सारी नोंद माझी होती. परसदारी टोकाला असलेल्या शौचालयापर्यंत आजीला धरून नेणे, एका दिवसरात्रीत अकरा वेळा. प्रत्येक वेळी दोन उंबरठे आणि तीन पायऱ्या. बुटक्या खाटेशी कंबरेत वाकणे, चोवीस वेळा. पाण्याची भरलेली बादली उचलणे, नऊ वेळा. शेवटी तिने लिहिले होते: “काकू सलग झोपल्या, दोन तास दहा मिनिटे.”

“या घरात सर्वाधिक झीज तुमची होते आहे, काकू,” ती म्हणाली. “धाबे ठेवायचे की पाडायचे, हे मी नंतर सांगते. आधी ही यादी कमी करू.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ तेथेच उभी राहिले. इतकी वर्षे माझे वाकणे कोणी मोजले नव्हते.

त्या संध्याकाळी ती मला अहमदाबादच्या ‘संगाथ’विषयी सांगत बसली. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या सुमारास स्वतःच्या कार्यालयासाठी ती वास्तू उभारली. विद्यार्थिदशेत ती तेथे गेली होती. इमारतीचा काही भाग जमिनीत उतरविलेला, वर अर्धगोल कमानींची छपरे, छपरांत पोकळ मातीच्या नळ्यांचा थर आणि त्यावर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचे आवरण, म्हणजे ऊन परतून जावे. आवारात झाडे, पाण्याचे पाट आणि बसायला पायऱ्या. संगाथ म्हणजे सोबतीने चालणे. दोशींना २०१८ साली वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आणि २०२३ साली पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तिला त्यातील भावलेली गोष्ट अशी की इतरांसाठी घरे रचणाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांच्या बसण्याच्या जागेचाही तेवढाच विचार केला होता.

मला मात्र आपल्या सेवाग्रामची आठवण झाली. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास गेले, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. माती, बांबू, लाकूड आणि कौले अशा आसपासच्या साहित्यातून उभी राहिलेली बापूकुटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कुटीला लागूनच स्नानगृह व शौचकूप आहे, हे किती जणांच्या ध्यानात राहिले असेल? त्याच आश्रमात कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री यांच्यासाठी वेगळी कुटी उभारली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. साध्या घराची थोरवी सांगताना आपण मातीच्या भिंतींचे वर्णन करतो. शुश्रूषा करणाऱ्याला रुग्णापर्यंत सहज पोहोचता येईल अशी ती जागा होती, हे सांगायचे राहून जाते.

अखेर आमच्या घराचे काय ठरले, ते सांगते. धाबे ठेवले, परंतु जसेच्या तसे नाही. प्रथम स्थापत्य अभियंत्याकडून भिंती आणि तुळया तपासून घेतल्या. ही पायरी कोणीही गाळू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड दगडी भिंती आणि मातीचे जाड छप्पर अंगावर कोसळून हजारो माणसे गेली, हे आपण विसरता कामा नये. वर्षानुवर्षे नवी माती टाकत गेल्याने आमचे धाबे जेवढे हवे त्याहून पुष्कळ जड झाले होते. जादा माती उतरवली. वाळवीने पोखरलेली एक तुळई बदलली. धाब्याच्या वर, मध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडून, उतरते पत्रे बसविले. आता पाऊस पत्र्यावर पडतो, ऊनही पत्र्यावर पडते आणि खालची माती कोरडी व सावलीत राहते. दरवर्षी माती टाकण्याचे काम संपले.

सासूबाईंच्या खोलीच्या मागची भिंत फोडून परसदारी स्नानगृह काढले. खाटेपासून पाच पावले, मध्ये उंबरठा नाही. दार बाहेर उघडणारे, म्हणजे आत कोणी पडले तरी दार अडत नाही. फरशी खरखरीत. बसण्याचे भांडे सुमारे ४५ सेंटिमीटर उंच आणि दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के बसविलेले दांडे. पाण्याचा नळ आतच, त्यामुळे बादली उचलणे नाही. खाटेखाली ठोकळे देऊन तिची उंची वाढविली. त्यांचे पाय जमिनीला टेकतात आणि माझी कंबर वाकत नाही. खोलीतील सारवण काढून साधी शहाबादी फरशी घातली. त्याबद्दल पुतणीच्या वरिष्ठांनी थोडी हळहळ व्यक्त केली म्हणे. मी मात्र मुळीच केली नाही.

माडीवरच्या खोलीचा स्लॅब फाल्गुनात चुन्याने पांढरा करून घेतला. ज्यांना घर बदलणे शक्य नाही, त्यांनी एवढे तरी अवश्य करावे. खर्च थोडा आणि फरक हाताला कळण्याइतका. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून काम करणाऱ्याने चष्मा लावावा. पाऊस आणि धूळ यांनी तो उडतो, म्हणून उन्हाळ्याच्या आरंभी दरवर्षी द्यावा. कायमचे काम हवे असल्यास चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी आहेच. कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला चालतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. हवा बाहेर जाण्यास वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. ज्येष्ठात हवा दमट झाली की त्याचा उपयोग उणावतो, हेही लक्षात असू द्यावे.

एक गोष्ट उरते आणि माझ्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. अलीकडे शाश्वत हा शब्द फार ऐकू येतो. आपल्या पांझरेच्या खोऱ्यात त्याचे जुने उदाहरण आहे. फड पद्धतीचे बंधारे आणि पाट येथे कित्येक शतके चालले. ते केवळ दगडांच्या बळावर चालले नाहीत. पाट कोणी पाहायचा, पाण्याची पाळी कोणाची, गाळ कोणी काढायचा, हे ठरलेले होते. पाटकरी नेमलेला असे आणि त्याच्या श्रमाचा मोबदला सर्व शेतकरी मिळून देत. देखभालीला माणूस होता आणि त्या माणसाची दखल होती.

घरात नेमके हेच होत नाही. जुने धाबे टिकले ते मी सारवत होते म्हणून. सासूबाई टिकल्या त्या कोणी रात्री उठत होते म्हणून. पुतणीचे पर्यावरणपूरक संकुल वेळेवर सादर झाले ते सात तरुण माणसे जागली म्हणून. वीज आणि सिमेंट यांचा हिशेब मांडला जातो, पाठीचा आणि झोपेचा मांडला जात नाही. ज्या घराची गणना शुश्रूषा करणारीच्या कंबरेवर उभी आहे, ते घर तिच्याबरोबरच खचणार, मग भिंती मातीच्या असोत की काँक्रीटच्या.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या घरी वृद्ध व्यक्ती असेल तर कोणीतरी एक दिवस आणि एक रात्र वही घेऊन बसावे आणि शुश्रूषा करणारीची नोंद करावी. तिने स्वतः ती करू नये, कारण ती निम्मी कामे मोजणारच नाही. जे काम सर्वाधिक वेळा लिहिले गेले असेल, त्यापासून बदलाला आरंभ करावा. कित्येकदा तेवढ्यासाठी वास्तुविशारदही लागत नाही. खाटेखाली चार ठोकळे आणि रात्रीचा एक मंद दिवा पुरतो.

यंदाचा वैशाख सासूबाईंनी धाब्याखाली काढला. त्यांचे विस्मरण थांबलेले नाही. दुपारी केव्हा केव्हा त्या मला अजूनही बहिणीच्या नावाने हाक मारतात, पण आता जीभ ओली असते आणि नाडी शांत असते. मी ओ देते. रात्री त्या तीनदा उठतात, दांडा धरून स्वतः पाच पावले जातात आणि मी पडल्या पडल्या त्यांची चाहूल घेते. पुतणीचे पत्र आले आहे. तिच्या कार्यालयात आता रात्री आठनंतर कोणी थांबायचे नाही, असे ठरले आहे. नियम किती दिवस टिकेल, याची तिला शंका आहे. तरी वहीत नोंद ठेवते आहे, असे लिहिते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक कागद चिकटविला आहे. पत्र्यांची पन्हळ साफ करणे, चुना देणे, तुळया पाहणे, स्नानगृहातील दांडे घट्ट आहेत की नाही ते तपासणे, अशी कामे आणि त्यांपुढे नावे. पहिले नाव मुलाचे आहे, दुसरे यजमानांचे, तिसरे दिरांचे. माझे नाव त्यात एकदाच आले आहे, आणि ते मी स्वतः लिहिलेले नाही.